कुठली तुमची, कुठली आमची

शाहीनचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात बरीच वर्षं पडून होतं. निळं अंतर्देशीय. मी फोन उचलायचं टाळतो हे तिला माहीत होतं, म्हणून पोस्टात जाऊन तिनं ते मुद्दाम विकत घेतलं असणार. बारीक अक्षरात ख्यालीखुशाली होती. लग्नानंतर ती अंबाजोगाईला गेली, तिथं शेतकरी बायकांचा गट केला, मुलगी झाली, मुलगी म्हणे माझ्यासारखीच कोपऱ्यात बसून वाचते. शेवटी प्रश्न होता: "सर, त्या साली दिनकर माळींचा वांग्याचा प्लॉट कशानं वाचला? मी इथं ती गोष्ट सांगते, कार्डं मेलेली होती हेही सांगते. मग बायका विचारतात, वाचला तरी कसा? मला उत्तर देता येत नाही. तुम्ही तिथं राहिला होतात. काही माहीत असेल तर लिहा."

मी लिहिलं नाही. लिहायला बसलो पुष्कळदा. 'प्रिय' लिहावं की 'चि. सौ.' यातच अर्धी दुपार जायची. पण खरी अडचण वेगळी होती. मला काही माहीत होतं का, हेच मला ठरवता येत नव्हतं.

त्या प्रकरणाची सुरुवात श्रावणात झाली, नांदणवाडीच्या माळी वस्तीवर, कमळाक्कांच्या स्वयंपाकघरात.

"ह्यात काय हाय म्हनायचं?" फ्रिजमध्ये शाहीननं नुकत्याच ठेवलेल्या पुडक्याकडं बोट करून कमळाक्कांनी विचारलं.

शाहीन मागच्या दारी पाय धुवायला गेली होती. मी एकटाच होतो आणि मला थोडक्यात उत्तर देता येत नाही.

"ट्रायकोकार्डं आहेत," मी म्हणालो. "कार्डावर बारीक अंडी चिकटवलेली असतात. त्यातून एक प्रकारचं चिलट निघतं. वांग्याची अळी ज्या पतंगापासून होते, त्या पतंगाच्या अंड्यात ते चिलट आपली अंडी घालतं. म्हणजे मग त्या अंड्यातून अळी न निघता—"

"थांबा जरा. अंड्यात अंडी?"

"हो."

"आन् ही कार्डावरची कुनाची?"

"ती तिसऱ्याच एका किड्याची. पण त्यांच्या आत चिलटाची."

कमळाक्कांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "ते मला न्हाई कळत. अंडी हायत का न्हाईत, तेवढं सांगा."

"आहेत."

"माझ्या फ्रिजात. सरावनात."

शाहीन आत आली तोवर पुडकं ओट्यावर आलेलं होतं, खाली वर्तमानपत्र घालून. "पोरी, तुझ्यावर राग न्हाई," कमळाक्का तिला म्हणाल्या. "तू मुलाण्याची असून माझ्या घरात लसनाची चटनीबी इचारून खातीस. पन ही बाहेर ने. जिवंत हायत, म्हंजी लईच वंगाळ."

अंगणात आल्यावर शाहीन मला म्हणाली, "सर, 'औषध आहे' म्हणायचं."

"पण ते औषध नाही. आपल्या पत्रकात आपण ठळक अक्षरात—"

"माहीत आहे. पत्रक तुम्हीच लिहिलंय."

मी जन्मभर सांगलीच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद झाल्यावर एका ओळखीनं मला 'निर्विष शेती मंचा'त आणून बसवलं. पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या, हेच मंचाचं कार्यालय. शेतकऱ्यांनी फवारणी कमी करावी यासाठी मंच काम करायचा. गावोगाव फिरण्याचं काम शाहीनकडं होतं, पत्रकं लिहिण्याचं माझ्याकडं. शेतातलं मला जे कळायचं ते कागदावरून. त्या वर्षी मंचानं ठरवलं की एका वांग्याच्या प्लॉटची रोजनिशी करून पुस्तिका काढायची, आणि त्यासाठी मी पाच-सहा आठवडे माळ्यांच्या सोप्यात मुक्काम करायचा. परक्याच्या घरी आंघोळीची वेळ विचारण्यापेक्षा मी उपाशी राहणं पत्करतो, पण नाही म्हणणंही मला जमत नाही.

प्लॉट दिनकर माळींचा. दिनकर कमळाक्कांचा मुलगा, राजश्रीचा नवरा. आदल्या वर्षी वांग्यावर फवारत असताना तो सरीतच कोसळला होता. आठ दिवस दवाखान्यात होता. डॉक्टरांनी राजश्रीला सांगितलं होतं, परत पंप पाठीला लावला तर माझ्याकडं आणू नका, मी काही करू शकणार नाही. गडी लावून फवारता आलं असतं. पण दिनकर म्हणायचा, "ज्यानं मी मरत होतो ते दुसऱ्याच्या पोराच्या पाठीला कसं लावू?" आणि वांगं सोडून दुसरं पीक घ्यावं तर त्याला दुसरं येत नव्हतं. शेंडा पोखरणारी अळी मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून त्यानं शाहीनशी बोली केली होती. गौरीच्या आधीच्या मोठ्या तोड्यापर्यंत तो फवारणार नाही. तोड्याला चार माणसांसमोर वांगी चिरायची. किडकी निघाली तर दुसऱ्या दिवशी पंप त्याच्या पाठीवर.

पंप गोठ्याच्या खुंटीला टांगलेला होता. येता-जाता सगळ्यांना दिसायचा.

कार्डं त्याच दिवशी पानांना लावता आली असती तर फ्रिजचा प्रश्नच नव्हता. पण झड लागली होती, आणि ओल्या पानावर कार्ड टिकत नाही. ऊन पडेपर्यंत ती गारव्यात ठेवायला हवी होती. वस्तीवर फ्रिज एवढाच. दुसरा फाट्यावर, शेटे अण्णांच्या कृषी सेवा केंद्रात. म्हणजे कीटकनाशकांच्या दुकानात.

"या या मॅडम," शेटे अण्णा गल्ल्यावरून उठले. "माझं दुकान बंद पाडायला निघालेली माणसं माझ्याच पायरीवर?"

"फ्रिजमध्ये जागा आहे का अण्णा?"

"तुमच्यासाठी काळजात जागा आहे, फ्रिजचं काय घेऊन बसलात." त्यांनी पुडकं हातात घेऊन नाकाशी नेलं. "ही तुमची फौज होय? आणि ती शत्रूच्या छावणीत ठेवताय?"

"तुम्ही कुठले शत्रू? तुमच्या घरचं वांगं तुम्ही दिनकरभाऊकडूनच नेता की. परवा म्हणालात, औषध न मारलेलं दे."

अण्णा मोठ्यानं हसले. "बघा सर, हिला जरा भीड नाही. ठेवा निवांत. गार पाहिजे ना? गार ठेवतो."

ऊन पडल्यावर आम्ही पुडकं आणायला गेलो. अण्णांनी ते बर्फाच्या कप्प्यातून काढून दिलं. कागद कडक झाला होता आणि त्यावर पांढरा बर्फ साचला होता.

"खाली ठेवलं होतं मी," शाहीन म्हणाली.

"खालच्या कप्प्याचा काय भरवसा, लाइट सारखी जातीय. म्हटलं बर्फात राहिलं तर नासणार नाही. का, काय झालं?"

शाहीन पुडकं घेऊन पायरी उतरली. शेटे अण्णांनी ते समजून-उमजून केलं की मायेनं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. त्यांचा चेहरा काळजीचा दिसत होता. पण माणसांचे चेहरे वाचण्यात मी कायमच कच्चा.

फाट्यावरच्या लिंबाखाली तिनं एक कार्ड सोडवून भिंगाखाली धरलं.

"गोठलीत. मेली असतील, सर."

"सगळी?"

"एखाददुसरं जगलं असेल." तिनं प्रयोगशाळेला फोन लावला. पुढची कार्डं महिन्यानं मिळतील, आहेत ती सगळी ऊसवाल्यांनी उचलली, असं उत्तर आलं. फोन ठेवून तिनं कार्ड परत पुडक्यात घातलं. "आत्ता सांगितलं तर दिनकरभाऊ आजच पंप काढेल. कार्डं आली या भरवशावर तो थांबलाय."

"मग?"

"लावूया. तोड्यादिवशी सांगेन मी. सगळ्यांसमोर सांगेन."

शेतात दिनकर स्टेपलर घेऊन बांधावर उभाच होता. मुंजीतल्या बटूसारखा न्हाऊन आला होता. पट्ट्या कापून पानांच्या मागं लावताना तो कुजबुजत बोलत होता, जणू आत कुणी निजलंय. कमळाक्का बांधावर येऊन बघत होत्या. "लागली का सगळी?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. "मग आता कधी फुटायची?" मी म्हणालो, "दोन-चार दिवसांत." खरं तर त्यातलं काहीच फुटणार नव्हतं. शाहीन माझ्याकडं पाहत होती.

ती दुसऱ्या गावांना निघून गेली आणि मी राहिलो.

रोजनिशीत काय लिहायचं ते मला समजेना. मी सकाळी प्लॉटमधून हिंडायचो, सुकून मान टाकलेले शेंडे शोधायचो. ज्या शेंड्यात अळी शिरते तो शेंडा असा मान टाकतो, हे पत्रकात मीच लिहिलेलं. पहिल्या आठवड्यात बरेच दिसले, पुढं कमी व्हायला लागले. कार्डं मेलेली, तरी शेंडे कमी. मला वाटलं माझ्या नजरेत दोष आहे. चष्मा पुसून परत फिरलो. तरी कमीच.

दिनकरही ते बघत होता. "सर, तुमची चिलटं कामाला लागलीत," तो म्हणायचा, आणि मी वहीत तोंड घालायचो.

"पण पत्रकात पहिलं कलम वेगळं आहे," एकदा मी धीर करून म्हणालो. "सुकलेले शेंडे रोज खुडून नष्ट करावेत."

"वीस गुंठ्यातलं शेंडं रोज खुडायला माणूस कुठनं आणू? राजश्री दोन म्हशी बघंल, का घर बघंल, का शेंडं?" तो हसला. "तुमच्या पत्रकात लई माणसं राहतात, सर."

तो हसायचा, पण त्याला धीर नव्हता. एका संध्याकाळी त्यानं खुंटीवरचा पंप काढला आणि नळाखाली धुवायला घेतला. राजश्री धार काढत होती.

"कशाला धुताय?"

"धूळ बसलीया."

"बसू द्या."

"नुसता धुतोय गं."

"नुसता धुतला तरी हात लागतो." ती धारेची बादली तशीच ठेवून उठली, पंप त्याच्या हातातून घेतला आणि ओलाच खुंटीला टांगला. तो बाहेर गेला. मी सोप्यात पुस्तक उघडून बसलो होतो. राजश्री माझ्याशी फारशी बोलत नसे, पण त्या दिवशी दारात थांबली.

"दवाखान्यात मला ओळखत नव्हते, सर. मला मावशी म्हणत होते. 'मावशी, माझ्या बायकोला बोलवा की.' दोन दिवस मी त्यांची मावशी होते." ती पदरानं हात पुसत राहिली. "तोड्याला काय निघंल?"

"मला नाही सांगता येत," मी म्हणालो. ते खरंच होतं.

आणखी एक गोष्ट मला सांगता येत नव्हती. सोप्यात झोपत असल्यामुळं मला फटफटतानाच जाग यायची. कमळाक्का तेव्हा उठलेल्या असत. त्या प्लॉटच्या बाजूनं यायच्या, पदराचा ओचा भरलेला, आणि ओढ्याकडं जायच्या. परत यायच्या तेव्हा पदर रिकामा, लुगड्याचा काठ भिजलेला. पूजेची फुलं म्हणावीत तर माणूस फुलं घरी आणतो, घरापासून लांब नेत नाही. गुडघे दुखतात म्हणून त्या देवळातही जात नसत. मी एकदा विचारलं, "आक्का, कुठं जाऊन आलात?"

"पाय मोकळं करून आले."

"पदरात काय होतं?"

"काय असनार? कचरा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत विचारलं नाही. रोजनिशीत ते लिहिलंही नाही. त्यांच्या फिरण्याचा प्लॉटशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

तोड्याच्या दिवशी शाहीन सकाळीच आली. शेटे अण्णाही आले. येताना कापडी पिशवीतून एक बाटली घेऊन आले आणि ती त्यांनी बांधावर उभी केली. "लागली तर असू दे. नाही लागली तर घरी नेईन," ते म्हणाले. वस्तीवरची चार-पाच माणसं गोळा झाली. राजश्री आणि कमळाक्कांनी वांगी तोडली, चमकणारी, जांभळी, काटेरी देठाची. दिनकरनं विळी मधोमध ठेवली.

"कोण चिरणार?"

"मीच," शेटे अण्णा मांडी घालून बसले. "माझ्या हातनं किडकं निघालं तरी म्हणू नका, चांगलं निघालं तरी म्हणू नका."

पहिलं वांगं फोडलं. पांढरं, निर्मळ. दुसरं तसंच. कुणीतरी म्हणालं, ढिगाच्या तळातलं काढा. तळातलं काढलं, तेही चांगलं. मग एक किडकं निघालं, आत काळी वाट आणि गुलाबी अळी. राजश्रीनं डोळे मिटले. त्यानंतर परत चांगली, चांगली, पुन्हा एखादं किडकं, परत चांगली. शेवटी अण्णांनी विळी आडवी केली.

"इतकं निर्मळ तर माझं औषध मारूनही निघत नाही," ते म्हणाले. मग मान वर करून मोठ्यानं, "पण फौज कुणाच्या फ्रिजात होती? शेट्याच्या! लिहा सर तुमच्या पुस्तकात."

लोक हसले. दिनकर हसला नाही. तो चिरलेल्या फोडी हातात घेऊन बघत होता. "मॅडम," तो म्हणाला, "कार्डांनी राखलं."

शाहीन उभी राहिली. तिनं ओढणी खांद्यावर नीट घेतली. "कार्डांनी नाही, भाऊ. कार्डं बर्फात गोठून मेली होती. लावायच्या आधीच. मला माहीत होतं. तुम्ही पंप काढाल म्हणून तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते. भिंग घेऊन बघा, एकाही अंड्याला भोक नाही. चिलट निघालं असतं तर भोक पडलं असतं."

शेटे अण्णांनी विळीवरचा हात काढला.

"बर्फात?" ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे माझ्यामुळं?"

"मग वाचलं कशानं?" दिनकर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "कार्डं मेलेली, औषध न्हाई, मग वाचलं कशानं? पुढच्या खेपंला काय करू मी? सर, तुम्ही हितंच हुता. रोज लिहीत हुता. कशानं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "पाऊस जास्त झाला," मी म्हणालो. "पावसात पतंग कमी... कोळीही बरेच दिसले. मला... मला खरंच माहीत नाही."

दिनकरनं बांधावरच्या बाटलीकडं पाहिलं. त्याच्या मनात काय चाललंय ते मलाही दिसलं. ज्याचं कारण माहीत नाही त्याच्यावर दुसऱ्या हंगामात भरवसा कसा ठेवायचा? मीही ठेवला नसता.

राजश्री उठली. गोठ्यात गेली, पंप घेऊन आली आणि शेटे अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"अण्णा, घेऊन जावा. मोडीत घाला न्हाईतर इका."

"अगं पण—" दिनकर म्हणाला.

"कशानं वाचलं ते तुम्ही शोधत बसा आयुष्यभर. औषधाबिगर वाचलं, तेवढं मला कळलं. पुढच्या खेपंला किडलं तर किडू द्या. वांगं किडंल, तुम्ही तर न्हाई." तिनं बाटलीही उचलून पंपाशेजारी ठेवली. "आन् ही तुमची घरी न्या, म्हनालावताच."

अण्णा पंप उचलून मोटरसायकलीकडं गेले. बांधाच्या पलीकडं कमळाक्का देठांचा कचरा गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी निघणार होतो. पहाटे जाग आली तर पाऊस भुरभुरत होता आणि कमळाक्का ओढ्याच्या वाटेला लागल्या होत्या. वाट निसरडी होती. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी छत्री घेऊन मागं गेलो. ओढ्याशी त्या थांबल्या होत्या. पाणी वाढलेलं, दगड शेवाळलेले.

"हात धरा, मास्तर," मला बघून त्या म्हणाल्या. जणू माझीच वाट बघत होत्या. त्या मला पहिल्यापासून मास्तर म्हणत.

मी हात धरला. आम्ही ओढा ओलांडला. पलीकडं पडीक रान होतं, घाणेरीची झुडपं आणि एक बाभळ. कमळाक्कांनी ओचा सोडला. आतून सुकलेले शेंडे पडले, वांग्याचे, मान टाकलेले, आणि तीन-चार भोकाची वांगी. एका शेंड्याच्या तोंडातून गुलाबी अळी अर्धी बाहेर आली.

"हे तुम्ही रोज खुडता?"

"रोज."

"दिनकरनं सांगितलं?"

"त्याला ठावंबी न्हाई. त्याला सांगू नका. मागच्या साली ह्याच ओढ्यात पडले हुते, त्यानं तंबी दिलीया. आन् त्यो म्हनंल, मी हिकडं मराय लागलोय आन् आई किडं जगवाय लागलीया."

"जगवायला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी इतका शिकलेला आणि एवढं कसं कळत नाही, असं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं. त्याही गोंधळलेल्याच दिसत होत्या.

"तुम्हीच म्हनालावता न्हवं? अंडी जिवंत हायत, चार दिवसांत फुटत्यात. मी त्यास्नी घराबाहेर काढलं. लेकरं पोटात असलेलं कुनी आलं तर काढतो का आपन? पानावर लावली तवा मी बघत हुते. फुटली असतील. आन् तोड्याच्या दुसऱ्या दिशी हा त्यांच्यावर औषध मारनार. म्हंजी घराबाहेर मी काढायचं, मारायचं त्यानं, ह्या सरावन-भादव्यात. माझ्या गळ्यात माळ हाय, मास्तर. म्हनलं, उचलून पल्याड टाकावीत. पल्याड कोन औषध मारतंय?"

"पण आक्का, या अळ्या..." मी थांबलो.

"वांग्यात अळी काय आज हाय? माझी हयात गेली." त्या शेंडे पायानं नीट झुडपाखाली सारत होत्या. "पन ह्यातली कुठली तुमची, कुठली आमची, मला कसं कळावं? म्हनून समदीच आनते."

बाभळीवर साळुंक्या बसल्या होत्या. आम्ही मागं वळण्याची वाट बघत असाव्यात.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, तपशील. चूक दिसली की माझा हात आपोआप पुढं जातो. इथं माझ्यासमोर सगळंच चुकलेलं होतं. कार्डातून अळी निघत नाही. जे निघायचं होतं ते मेलेलं होतं. आणि पलीकडं टाकलेली अळी जगत नाही, साळुंकी खाते. यातलं एक वाक्य मी नीट केलं असतं तर कमळाक्का दुसऱ्या दिवशी ओढ्यावर आल्या नसत्या. आणि शेंडे खुडायला वस्तीवर दुसरं माणूस नव्हतं.

"पंप तर गेला आता," मी म्हणालो. "आता कशाला आणता?"

"आज गेला. उद्या दुसरा येईल. पुरुषाच्या जातीचा भरवसा न्हाई." त्यांनी परत माझा हात धरला. "कुनाला बोलू नका. त्या पोरीलाबी न्हाई. ती दिनूला सांगंल. बोलनार न्हाई म्हना."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

दुपारी शाहीननं मला स्कूटीवर मागं बसवून फाट्यावर सोडलं. वाऱ्यात ओरडून तिनं विचारलं, "सर, खरंच कशानं वाचलं असेल हो?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. एसटीत बसल्यावर मला वाटायला लागलं, कमळाक्कांनी वाचवलं. मिरज येईपर्यंत वाटायला लागलं, नसेलही. एक म्हातारी पदरात मावतील तेवढे शेंडे नेते, त्यानं वीस गुंठे कसे वाचतील? पाऊस खरंच जास्त होता. कोळीही खरंच होते. पुस्तिका काही झाली नाही. पुढच्या सालात मंचाकडं पैसे नव्हते, मग शाहीनचं लग्न ठरलं, मग खोल्याही गेल्या. दिनकरनं परत पंप घेतला नाही असं कळायचं. वांगी कधी चांगली येत, कधी किडत, असंही कळायचं.

पत्र आलं तेव्हा मला वाटलं होतं, लिहावं. पण शब्द दिला होता, आणि ज्या गोष्टीची मला खात्री नाही तिच्यासाठी दिलेला शब्द मोडायचा, हे मला जमेना.

गेल्या महिन्यात दिनकरनं कमळाक्कांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सांगलीत आणलं. दवाखान्यातून परत जाताना दोघं माझ्या घरी आले. कमळाक्का काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या. पार वाळल्या होत्या. दिनकर गाडी लावायला खाली गेला तसं मी म्हणालो, "आक्का, ओढ्याचं मी कुणाला बोललो नाही हं."

"कुठल्या ओढ्याचं?"

मी सांगितलं. त्या आठवत राहिल्या. मग हसल्या. "ते व्हय! आवो, दिनूला कवाच कळलं. पुढच्याच साली परत पडले न्हवं का मी. तवापासनं राजश्री जायाची शेंडं घिऊन. आता तिची सून जाती. तुम्ही अजून तोंड बांधून बसलाय?"

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"सांगा की कुनाला सांगायचं हाय ते," त्या म्हणाल्या. "त्यात काय चोरी हाय?" चष्म्याआडून त्या माझ्याकडं बघत होत्या की भिंतीकडं, मला कळत नव्हतं. "पन मास्तर, एक सांगा. तुमची ती लेकरं, पल्याड नेलेली. जगली आसतील का वो?"

जिन्यात दिनकरची पावलं वाजत होती. "जगली असतील," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी बसलो. 'प्रिय शाहीन' लिहिलं आणि पुढं गेलो. जे पाहिलं तेवढं लिहिलं, पदर, ओढा, बाभळ, साळुंक्या. प्लॉट त्यानंच वाचला असं मी म्हणत नाही, असं लिहिलं. पाऊसही होता, तेही लिहिलं. तुझ्या बायकांनी विचारलं तर सांग, शेंडे रोज खुडावेत, कुठल्याही कारणानं खुडले तरी चालतात. आणि शेवटी लिहिलं की कार्डातून अळ्या निघत नाहीत हे कमळाक्कांना अजून कुणी सांगितलेलं नाही; तू कधी नांदणवाडीला गेलीस तर तूही सांगू नकोस.

एकदा वाचलं. दोन ठिकाणी अनुस्वार राहिले होते. ते तसेच ठेवून पाकीट चिकटवलं, आणि पोस्टात जाऊन पेटीत टाकलं.